डोमिनियनच्या कर्नलला विचारलेलं नाव

आफ्रिकेत शांतिसेनेच्या पोस्टिंगवर कर्नल हॅरिस यांची तुकडी आमच्या शेजारी होती. त्यांचा देश एकेकाळी ब्रिटिश डोमिनियन, म्हणजे साम्राज्यातला अर्धस्वतंत्र देश. चिलखती गाड्या त्यांच्याकडे, आमची नुसती पायदळ कंपनी. सकाळी गस्त, दुपारी पाण्याच्या टँकरना एस्कॉर्ट.

एका दुपारी एस्कॉर्टवर हल्ला झाला. नाईक दत्ता शेळके जखमी होऊन पुलाजवळ अडकला. मी कंपनीचा सुभेदार, रेडिओवर होतो.

"साहेब, पायाला लागलंय. गाडी पाठवा."

"पाठवतोय. टिकून राहा."

सेक्टर हेडक्वार्टरने हॅरिसना गाड्या काढायचा हुकूम दिला होता. इंजिनं सुरू होती. पण ते म्हणाले, "माझ्या सरकारची परवानगी आल्याशिवाय एकही गाडी हलणार नाही." ती आली तोवर दत्ताचा रेडिओ बंद पडला होता. नियमाने हॅरिस बरोबर ठरले. मी डूख धरला तो कायमचा.

निवृत्तीनंतर जर्मनीत झिंडेलफिंगेनला मुलीकडे आलो. जावई गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. गेल्या हिवाळ्यात तो म्हणाला, "बाबा, शनिवारी बिब्लिओथेकमध्ये, इथल्या लायब्ररीत, लेक्चर आहे, डोमिनियन्स स्वतंत्र कसे झाले यावर. वक्ते एक्स-आर्मी. बायको जर्मन, इथेच राहतात." त्याच्या मोबाइलवर जाहिरातीतला फोटो पाहिला. तोच माणूस.

"तिथे भांडू नका हं," मुलगी म्हणाली. मी ब्लेझरवर मेडल्स लावली.

हॅरिस छान बोलले. आधी स्वतःची पार्लमेंट. मग पहिल्या महायुद्धात लंडनने न विचारता ओढलं, त्याची सल. तहावर स्वतःची सही, परदेशात स्वतःचे राजदूत, शेवटी लंडनचे कायदेही नकोत. सगळं एकेक पायरीने, चहा पीत.

"आमचे जवान कुठे मरतील," ते म्हणाले, "हे ठरवायचा हक्क आम्ही मिळवला."

मी उठलो. "आणि आमचे जवान?"

त्यांनी मला ओळखलं. "सुभेदार, त्या दिवशी मला परवानगी नव्हती."

"ठाऊक आहे. मेला त्याचं नाव सांगा."

त्यांना आठवेना.

"नाईक दत्ता शेळके. म्हणा."

त्यांनी वेडंवाकडं म्हटलं.

"पुन्हा."

जावई माझी बाही ओढत होता. मी बसलो नाही. तिसऱ्यांदा हॅरिसनी नाव नीट घेतलं. त्यांचा आवाज कापत होता आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दत्ता फलटणकडचा. कबड्डीत त्याला कंपनीत कुणी धरू शकत नसे. पुढच्या महिन्यात हॅरिस यांचं न्युरेम्बर्गला व्याख्यान आहे. मी ट्रेनचं तिकीट काढलंय. तिथल्या लोकांनाही दत्ता शेळके हे नाव हॅरिसच्याच तोंडून ऐकवणार आहे.