‘पॉट’ची पानं

निर्मलाकाकू कुणालाही थांबवून विचारायच्या, ‘‘एक्सक्यूज मी, इन युअर वर्क, व्हॉट इज अ पॉट?’’ माणूस आधी गोंधळायचा, मग हसायचा, आणि मग हातातलं काम टाकून बोलत बसायचा. काकू उभ्या उभ्या वहीत लिहून घ्यायच्या. अर्थ, आणि त्यापुढे तो देणाऱ्याचं नाव आणि काम. नाव सांगितल्याशिवाय अर्थ वहीत जायचा नाही.

‘‘डिक्शनरीत सगळंच असतं रे, पण तिथं कुणी भेटत नाही,’’ असं त्या म्हणायच्या.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमची घरं समोरासमोर. काका गेल्यावर त्यांच्या मुलानं, अभयनं, त्यांना नागपूरहून इकडे आणलं. काकूंनी तिथल्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. अभय कुणाशीही ओळख करून देताना हे सांगायचाच. ‘‘आई इंग्लिश टीचर होती. तिला इथे काही प्रॉब्लेम नाही.’’ काकू मान खाली घालून पदर नीट करायच्या. मला तो विनय वाटायचा.

मी बुधवारी घरून काम करतो. एका बुधवारी काकूंनी विचारलं, ‘‘मला लायब्ररीत सोडशील का? तिथं इंग्रजी बोलायचा फुकट वर्ग असतो म्हणे. शिकवायला माणसं लागत असतील.’’ मी सोडलं आणि थांबलोही. बाहेरून आलेल्यांना बोलायला शिकवणारी ती मंडळी, सगळी निवृत्त, हौशी. एका गोऱ्या बाईंनी काकूंना समोर बसवून विचारलं, तुमचा वीकेंड कसा गेला?

काकूंनी प्रश्न मनात मराठीत आणला. उत्तर मराठीत जुळवलं. मग त्याचं इंग्रजी केलं आणि काळ तपासला. शाळेत मुलांना त्यांनी हीच शिस्त लावली होती: आधी वाक्य पक्कं, मग तोंड उघडायचं. एवढ्यात त्या बाईंना वाटलं, प्रश्न कळला नाही. त्यांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत, सावकाश विचारला. झालं, काकूंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला बाई गोड हसल्या आणि त्यांनी कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. तिथं पाटी होती, अगदी नवख्यांसाठी.

मी पुढे होऊन सांगणार होतो. काकूंनी नजरेनंच मला गप्प केलं आणि त्या जाऊन बसल्या.

परतताना गाडीत त्यांनी पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, ‘‘अभयला सांगू नकोस. त्याच्यापाशी माझं एवढंच उरलंय.’’ मला फार वाईट वाटलं. पण पुढच्या बुधवारी दहा वाजता त्या पर्स घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या.

त्या टेबलावर एक मेक्सिकोचा आचारी होता, रोपांच्या नर्सरीत काम करणारी एक उझबेक बाई होती, रस्तादुरुस्तीवर जाणारा एक सोमाली गृहस्थ होता. पहिल्याच तासाला ‘पॉट’ शब्द निघाला. काकूंनी ठणकावून सांगितलं, पॉट म्हणजे भांडं. आचारी म्हणाला, त्याच्याकडचा पॉट कमरेएवढा, त्यात हाडं उकळतात. उझबेक बाई म्हणाली, कुंडी. सोमाली गृहस्थ ‘पॉटहोल’ म्हणाला आणि त्यानं हातानं रस्त्यातला खड्डा काढून दाखवला. काकूंनी त्या दिवशी वही घेतली आणि ‘पॉट’साठी एक पान राखलं.

वर्षभरात त्याची नऊ पानं झाली. कॉफीची किटली कॅफेतल्या मुलीकडून आली. पत्त्यांच्या डावात मधोमध जमणारे पैसे एका म्हाताऱ्या शीख ट्रकवाल्याकडून. सुटलेलं पोट, लहान मुलाला बसवायचं भांडं, बिलियर्ड्समध्ये चेंडू भोकात घालणं, सगळं आलं. एका नोंदीपाशी मी थबकलो: ‘गांजा. लिंडा, निवृत्त नर्स, डावीकडची शेजारीण.’

‘‘काकू, लिंडाला हे विचारलंत?’’

‘‘तिनं स्वतः सांगितलं. गुडघ्यासाठी घेते म्हणाली. मी म्हटलं, मी तिळाचं तेल लावते.’’

हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. ‘‘मिलिंद, एकतीस वर्षं मी पोरांकडून घोकून घेतलं, पॉट म्हणजे भांडं. कुणी दुसरा अर्थ आणला की चूक द्यायची. किती पोरांना चूक दिली असेल रे मी.’’ मी काहीतरी समजूत घातली. ती त्यांना पटली नाही, आणि खरं तर मलाही नाही.

त्या वर्षीच्या गणपतीत मराठी मंडळाचं पॉटलक होतं, प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा. जेवणं झाल्यावर अभयनं माइक घेतला. इथे मुलांकडे आलेल्या आईवडिलांसाठी आई इंग्रजीचा वर्ग सुरू करणार, असं त्यानं परस्पर जाहीर करून टाकलं. टाळ्या झाल्या. त्यानं माइक काकूंच्या हातात दिला.

काकू म्हणाल्या, ‘‘मी शिकवणार नाही. मी स्वतः लायब्ररीत अगदी पहिल्या वर्गात बसते, वर्ष झालं. मला बोलता येत नव्हतं. आता थोडं येतं. बुधवारी साडेदहाला कुणाला यायचं असेल, तर माझ्या शेजारी जागा आहे.’’

अभयचा चेहरा लाल झाला होता. तेवढ्यात मागून कुलकर्णीकाका उठले. साताऱ्याकडचे निवृत्त तहसीलदार. इंग्रजीच्या धास्तीनं सहा महिने सुनेच्या घरातून एकटे बाहेर पडले नव्हते. त्यांनी विचारलं, ‘‘बाई, तिथं चुकलं तर चालतं का?’’

‘‘मी रोज चुकते,’’ काकू म्हणाल्या.

अभय आठवडाभर आईशी धड बोलला नाही. पण बुधवारी त्यानं ऑफिसला सुट्टी टाकली आणि मोठ्या गाडीतून काकूंना, कुलकर्णीकाकांना आणि आणखी चौघांना लायब्ररीत नेऊन सोडलं. पुढे दर बुधवारी तोच नेऊ लागला आणि माझी ड्युटी संपली. मला थोडं चुकल्यासारखं व्हायचं.

यंदा हिवाळा सरता सरता काकू झोपेतच गेल्या. अभय कोलमडून गेला होता. तो म्हणाला, ‘‘मिलिंद, वर्गाला तू सांग. मला जमणार नाही.’’ अमेरिकेत येऊन मला बावीस वर्षं झाली, रोज मीटिंगा घेतो. तरी गाडीत मी चार वाक्यं पाठ केली.

कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बारा माणसं होती. आचारी आणि कुलकर्णीकाका यांच्यामध्ये एक खुर्ची मोकळी ठेवलेली. मी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि पाठ केलेलं एकही वाक्य येईना. कसंबसं निघालं ते मराठीत: ‘‘काकू गेल्या.’’

आचाऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. उझबेक बाई डोळ्याला रुमाल लावून रडायला लागली. अर्थ कुणी विचारला नाही.