न कापलेलं हँडल

सायकलचं हँडल किती रुंद असावं, यावर मी तासभर बोलू शकते. बोलतेही. लग्नकार्यात पंगतीला बसल्यावर कुणी सहज विचारलं, "तुम्ही सायकलिंग करायचात ना?" की त्याचा मठ्ठा कोमट होईपर्यंत मी काही थांबत नाही.

डोंगरउतारावर दगडधोंड्यांतून खाली सुटायचं असेल तर हँडल रुंद हवं. पुढचं चाक दगडावर आपटून भलतीकडे वळायला लागलं तरी लांब हँडलमुळे ते हातात राहतं. चढ चढायचा असेल, झाडीतल्या पायवाटांनी हिंडायचं असेल, तर जरा अरुंद बरं. कोपर आत राहतात, झाडाला हँडल अडकत नाही. गावातल्या ट्रॅफिकमध्ये तर अरुंदच. आणि या सगळ्याच्या आधी बघायचे ते चालवणाऱ्याचे खांदे. खांदे अरुंद आणि हँडल रुंद असलं की सगळं ओझं मनगटावर आणि मानेवर येतं. यात काही रॉकेट उडवायचं नाहीये. हे सगळं मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं. त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि माझा संताप त्याचाच आहे.

मी खडकीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, आम्ही क्वार्टर्समध्ये. नवरा सदाशिव पेठेतला. हिंजवडीच्या एकाच कंपनीत, एकाच प्रोजेक्टवर भेटलो. आमच्याकडे रविवारी बुद्धवंदना, त्यांच्याकडे चतुर्थीला मोदक. दोन्हीकडच्यांनी वर्षभर तोंडं फुगवली आणि मग दमून खाली केली. मला वाटलं होतं, या घरात अडचण आलीच तर ती जातीवरून येईल. ती आली वस्तूंवरून.

आमच्या क्वार्टरमध्ये नवी वस्तू आली की खोकं त्याच दिवशी रद्दीत. पडदा असो नाहीतर शाळेची पँट, आईची कात्री आधी चालायची. वस्तू माणसाच्या मापाची व्हायची, तेव्हा ती घरातली व्हायची. इथे सासरी उलटं. माळ्यावर माणूस झोपेल एवढी जागा, तिथे रिकामी खोकी झोपलेली. मिक्सरचं खोकं, टीव्हीचं खोकं, थर्माकोलसकट. टीव्हीच्या कोपऱ्यावर त्याचे गुण सांगणारा स्टिकर तसाच. रिमोट प्लास्टिकमध्ये, त्यामुळे आवाज वाढवायचा तर अंगठा दुखेपर्यंत दाबा. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक मी उन्हाळ्यात एकदा फाडून काढलं, तर नवरा दिवसभर घरात कुणी गेल्यासारखा बसला होता. "अगं, ओरिजिनल होतं ते. उद्या विकायचं झालं तर?" वस्तू घरात येतानाच तिचा पुढचा मालक दारात उभा असायचा. आम्ही आपले तोवर राखणदार.

आणि तो वाईट माणूस नव्हे हो. सगळे म्हणतात तसा शांत, निर्व्यसनी, भांडी घासणारा. म्हणूनच तर तक्रार करायची सोय नव्हती.

ऑफिसातल्या काही जणांनी रविवारी सायकली काढायला सुरुवात केली तेव्हा त्यानं आम्हा दोघांसाठी दोन सारख्या माउंटन बाइक घेतल्या. महिनाभर रिव्ह्यू वाचून. मला विचारलं होतं, नाही असं नाही. "रंग कुठला हवा?" असं विचारलं होतं. त्याला उतार आवडायचे, म्हणून दोन्हींना उतारावरचं हँडल, सातशे ऐंशी मिलिमीटरचं. तो सहा फुटी, त्याला ते शोभायचं. मी हात लावले तर देवळातल्या खांबाला मिठी मारल्यासारखी दिसायचे.

पण मला सायकल आवडली. खूप आवडली. आठवडाभर मी कुणाची तरी असायचे, मॅनेजरची, सासूची, कुकरच्या शिट्टीची. रविवारी सकाळी जुन्या कात्रज घाटाचा चढ लागला, बाकीचे पुढे गेले आणि आजूबाजूला कुणी उरलं नाही, की मी माझी व्हायचे. मला खाली सुसाट येण्यात रस नव्हता, चढण्यात होता. हळूहळू, घामाघूम होऊन, कुणाशी न बोलता. तेवढंच मला पाहिजे होतं.

आणि तेवढ्यालाच दुखणं लागलं. घाट संपेपर्यंत उजव्या हाताची बोटं बधिर. सोमवारी मान वळत नाही, माउस धरवत नाही. ग्रुपमधले लोक सल्ले द्यायला टपलेलेच. कुणी म्हणालं पोश्चर, कुणी म्हणालं पोटाचे स्नायू, एकानं प्रोटीन सुचवलं. नवरा म्हणाला, "सवय होईल." पेठेत तर शोभाच. लक्ष्मी रोडच्या अलीकडच्या गल्लीत माझं हँडल एका आजोबांच्या स्कूटरच्या आरशाला लागलं. आजोबांनी आरसा सरळ केला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "रस्ता सातबाऱ्यावर चढवून घेतलात का?"

शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, माझं हँडल कापू या. कापतातच ते. दोन्ही बाजूंनी सारखं थोडं थोडं. कंपनीनं त्यासाठी हँडलच्या दोन्ही टोकांना बारीक रेघाही छापलेल्या असतात, इथे कापा म्हणून. नवऱ्यानं लगेच मला हॉलमध्ये पालथं झोपवलं. "जोर मारताना हात जिथे आपसूक टेकतात, तेवढं तुझं माप." मी हात टेकले, त्यानं टेप लावली. सातशेच्या आसपास आलं. "बघ, तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "तुला हे फारच रुंद होतंय."

"मग कधी कापायचं?"

"कापायचं नाही," तो म्हणाला. "एकदा कापलं की परत जोडता येत नाही. उद्या विकायची झाली तर उंच माणूस घेईल का?"

मी म्हटलं, "अरे, पण रेघा कंपनीनंच छापल्यात ना?"

"त्या गरज असेल त्यांच्यासाठी."

आता याला काय म्हणावं? भिंतीवर डोकं आपटून घ्यावं की त्याचं आपटावं, याचा मी खरोखर विचार केला. मग त्यानंच तोडगा काढला. ग्रिप आणि ब्रेकचे लिव्हर सैल करून आत सरकवले, रेघांच्याही आत. हँडलची टोकं दोन्ही बाजूंना शिंगांसारखी उघडी राहिली. ग्रुपमधले म्हणाले, म्हैस आली म्हैस आली. म्हणोत. त्या रविवारी मी कात्रजचा घाट चढले आणि वर पोचले तेव्हा माझी सगळी बोटं जागी होती. मी ती हलवून बघितली. खाली पुण्यावर धूर होता, मागून ट्रकचा हॉर्न येत होता आणि मी बोटं हलवत मूर्खासारखी हसत होते. पावसाळा संपेपर्यंत मी एकही रविवार चुकवला नाही.

मग ग्रुपमधल्या कुणीतरी नवऱ्याच्या कानात भरवलं, की ग्रिप आवळायचं कडं आतल्या भागावर घट्ट बसवलं तर तिथल्या रंगावर ओरखडे येतात. झालं. एका शनिवारी मी माहेरी गेले असताना त्यानं ग्रिप पुन्हा टोकाला नेऊन बसवले. मला कळलं रविवारी पहाटे, सायकल जिन्यातून खाली उतरवताना.

"हे काय केलंस?"

"ओरखडे पडायला लागले होते गं. दोन दिसले, ते मी पॉलिश करून घालवले. आजचा दिवस चालव, मग बघू काहीतरी."

ग्रिप सैल करायचे पाने तो वरच ठेवून आला होता. ग्रुप स्वारगेटला थांबलेला. पहिल्या मजल्यावरच्या काकू दूध घ्यायला दारात आलेल्या. अशा वेळी शहाण्या घरातली बाई भांडत नाही, सायकलवर बसते. मी बसले.

घाटापलीकडच्या पायवाटेवरून त्या दिवशी उतरायचं ठरलं होतं. मला उतारावर जायचंच नव्हतं, पण चढून हात बधिर झाले होते आणि मागे एकटं वळण्याइतकं डोकं चालत नव्हतं. एके ठिकाणी डावीकडे बाभूळ, उजवीकडे खडक, मधे वाट. त्या पावसाळ्यात ग्रुपच्या मागे हळूहळू उतरताना मी तिथून कितीदा तरी निघून गेले होते. उघडी टोकं असतानाही जायचे, कारण बोटांत जीव असायचा, सायकल वाकडी करून काढता यायची. त्या दिवशी बोटांनी ऐकलं नाही. हँडलचं टोक खडकावर बसलं, चाक गर्रकन फिरलं आणि मी उजव्या खांद्यावर पडले.

नवरा सायकल टाकून धावत आला. खोटं कशाला बोलू, तो आधी माझ्याकडेच आला. मला बसवलं, पाणी पाजलं. मग सगळे रिक्षा कुठवर येईल यावर बोलत होते तेव्हा त्यानं माझी सायकल उभी केली, हँडलवरून हात फिरवला आणि म्हणाला, "नशीब, हँडलला काही झालं नाही."

ऑपरेशन झालं. व्यायाम झाले, भिंतीवर बोटं चढवायची, दोरी ओढायची. खांदा बरा झाला, म्हणजे डॉक्टरांच्या मते झाला. हात डोक्याच्या वर जात नाही. वेणी सासूबाई घालतात. हातांवर भार टाकून तासभर बसणं आता या जन्मात नाही, हे डॉक्टरांनी फार गोड शब्दांत सांगितलं. म्हणजे सायकल संपली. माझं जे काही थोडंसं माझं होतं, ते संपलं.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं एकदा, त्या वेणी घालत असताना. ओरखड्यांचं, रेघांचं. मला वाटलं, मुलाची बाजू घेतील. त्यांनी हातातला पेड घट्ट आवळला. मग म्हणाल्या, "मला सांगायचंस ना गं. तो ऑफिसला गेल्यावर विळीवर धरून कापलं असतं." मी हसले आणि मग हमसून रडले. त्यांनी वेणी सोडून पुन्हा घातली. त्यांच्या स्वतःच्या लग्नातला चिनी मातीचा टी-सेट अजून शोकेसमध्ये आहे, त्यातून त्या घरात आजवर कुणीही चहा प्यायलेला नाही.

सायकल हॉलमध्ये जुनी चादर पांघरून उभी होती. दर दसऱ्याला नवरा तिला पुसून झेंडू घालायचा. शेवटी त्यानं इंटरनेटवर जाहिरात टाकली. आली एक कॉलेजातली मुलगी. माझ्याच चणीची, किंबहुना बारीकच. सायकल बघून तिचे डोळे चमकले. "काका, एकदम नवीच आहे की हो!" नवऱ्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्यानं माळ्यावरून खोकंसुद्धा काढून दाखवलं.

व्यवहार ठरल्यावर ब्रेक तपासून द्यायला म्हणून सायकल गाडीवर बांधून आम्ही तिघं नवऱ्याच्या ओळखीच्या सायकलच्या दुकानात गेलो. मी का गेले, ठाऊक नाही. दुकानात तिनं हँडल धरून पाहिलं, खांदे जरा हलवले आणि नवऱ्याला म्हणाली, "काका, हे जाम रुंद आहे मला. कापून घेतलं तर चालेल का?"

"अहो, चालेल म्हणजे काय, कापाच!" तो म्हणाला. "हे बघा, त्यासाठी रेघाच दिल्यात कंपनीनं. तुमच्या खांद्यांना सातशेच्या आसपास बसेल बघा. रुंद ठेवलंत तर हात दुखतील उगाच."

दुकानदारानं हॅक्सॉची करवत काढली. पुढचं चाक हलू नये म्हणून नवऱ्यानं ते दोन्ही गुडघ्यांत धरलं. "सरळ येऊ द्या हं, घाई नको," असं तो सांगत होता. मी काउंटरपाशी उभी होते, उजवा हात डाव्या हातात धरून. एक बाजू झाली, दुसरी झाली. किती वेळ लागला म्हणता? चहा मागवला होता, तो यायच्या आत झालं. मुलगी सायकलवर बसली, रांगेत लावलेल्या दोन स्कूटरींमधून वळवून रस्त्यावर नेली आणि मागे बघून ओरडली, "काकू, मस्त बसतेय!"

मला तिचा राग आला नाही. तिला कुणी विचारू शकत नव्हतं, कापलीस तर उद्या कोण घेईल म्हणून. सायकल तिची होती. माझी ती एक दिवसही नव्हती, हे मला तिथे उभं राहून कळलं.

घरी येताना सिग्नलला थांबलो. गाडीत नवरा शीळ घालत होता. "चांगल्या घरी गेली," तो म्हणाला. "कशी ओरिजिनल होती, बघितलीस ना? एक ओरखडा नाही दाखवता आला तिला."

मी म्हटलं, "तिच्यासाठीच तर जपली होतीस."

"मग!" तो खुशीत म्हणाला, आणि सिग्नल सुटला.