शेजारच्या वाफ्यातले लीक

दोन हजार एकोणीसच्या वसंतात रोलंड हेस्लॉपने आपला टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला. वात्रट पोराला कोपऱ्यात उभं करतात तसा. बंद मात्र केला नाही. "घरात आवाज लागतो," म्हणायचा. बायको गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज नव्हता.

इंग्लंडच्या उत्तरेला आमच्या हॅगरबर्न गावात तेव्हा सगळ्यांचंच थोडंफार असं झालं होतं. ब्रिटनने युरोपीय संघातून निघायचं की राहायचं, यावर मत देऊन तीन वर्षं होत आली होती. निघायचं ठरलं होतं आणि तेव्हापासून लंडनमधली मंडळी दारात बसून बूट घालत होती. एक बूट चढला की दुसरा सापडायचा नाही. संसद रोज भरायची, रोज कशाला तरी 'नाही' म्हणायची आणि घरी जायची. टीव्हीवर पडद्याच्या कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ होतं. निघायची वेळ भरली की ते मुकाट्याने पुन्हा मागे लावत. निघा म्हणणारे चिडलेले होते, कारण निघत नव्हते. राहा म्हणणारे चिडलेले होते, कारण राहतही नव्हते. आमच्या पबच्या मालकिणीने, ऑड्रीने, शेवटी फळ्यावर लिहिलं, 'तो विषय ज्याला काढायचा असेल त्याने ग्लास ठेवून बाहेर जाऊन काढावा.' आठवडाभर पबात कोणाला काही बोलायलाच सुचेना. मग लोक आपापल्या गुडघ्यांवर बोलू लागले. गुडघ्यांवर मतभेद फार नसतात.

रोलंड निघणाऱ्यांतला. त्याचा दोस्त नॉरिस टेट राहणाऱ्यांतला. दोघं खाणीत एका पाळीला, एकाच बोगद्यात जोडीने काम केलेले. खाण बंद झाली तेव्हा त्यांनी गावाबाहेरच्या भाजीमळ्यात शेजारशेजारचे वाफे घेतले. मधल्या कुंपणात एक फळी काढून वाट केली, आणि दोघांत मिळून एक किटली ठेवली. माझा वाफा त्यांना लागूनच. सगळं ऐकू येतं. ऐकण्यासाठीच मी तो घेतला असं गावात म्हणतात. पूर्ण खोटं नाही.

तीन वर्षं दोघं रोज भांडले आणि रोज एकत्र चहा प्यायले. "तुझ्यासारख्यांमुळे देश बुडणार, गड्या." "आणि तुझ्यासारख्यांना बुडताना कळणारही नाही. साखर दे." असं.

मार्चमध्ये टीव्हीवाले आले. सामान्य माणसाचं मत हवं असलं की त्यांना उत्तरेकडची वाट सापडते. सामान्य माणूस पावसात, टोपी घालून, जुन्या खाणीच्या पार्श्वभूमीवर लागतो. रोलंडकडे तिन्ही गोष्टी होत्या.

"राहायचं म्हणणाऱ्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं?" गळ्यात मफलर गुंडाळलेल्या बाईने विचारलं.

"मूर्ख आहेत," रोलंड म्हणाला. "एक नंबरचे. हा पलीकडचा नॉरिसच घ्या. राहायचं म्हणतो. का? तर एकुलती एक लेक ब्रेमेनला, नातवंडं तिकडे. हा इथे एकटा शेगडीशी बोलतो. त्याला वाटतं, निघालो तर ती आणखी लांब जाईल. सांगा आता, त्याला मी काय बोलू? त्याच्याइतका सरळ माणूस या गावात नाही."

रात्रीच्या बातम्यांत रोलंड चार शब्द बोलला. "मूर्ख आहेत. एक नंबरचे." मग लगेच हवामान.

दुसऱ्या दिवशी कुंपणात फळी होती. चार खिळे मारून. किटली रोलंडच्या बाजूला ठेवलेली, घासून पुसून. आमच्याकडे यापेक्षा मोठ्याने कोणी भांडत नाही.

गावाने निकाल दिला: टीव्हीवाल्यांनी कापाकापी केली, नॉरिसला लागलं. मी रोलंडला म्हटलं, "जा ना, सांग त्याला. मागचं सगळं कापलं म्हणून सांग."

"इतक्या वर्षांनी त्याला समजावून सांगावं लागत असेल तर राहू दे."

त्याच संध्याकाळी टीव्ही भिंतीकडे वळला.

उन्हाळा तसाच गेला. दोघं फळीच्या दोन बाजूंना आपापले लीक वाढवत होते. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा थोरला चुलता. आमच्याकडे तो मांडीएवढा होईपर्यंत वाढवतात आणि सप्टेंबरात पबातल्या प्रदर्शनात मांडतात. जोडीने मांडायचे, दोन सारखे. प्रत्येकाचं खतपाणी स्वतःचं आणि गुप्त. काळी बिअर, मेंढ्यांच्या लेंड्या, काजळी, आणखी काय काय. बायकोलाही प्रमाण सांगत नाहीत. दुसऱ्याच्या लीकला हात लावायचा नाही, हा नियम बायबलातल्या दहा आज्ञांच्या जरा वर. पूर्वी वैरापायी लोकांनी एकमेकांचे लीक सुरीने चिरलेत, आणि त्या घराण्यांत अजून सोयरीक होत नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी नॉरिस वाफ्यातच कोसळला. रोलंडने फळी लाथेने तोडली.

"हलू नकोस."

"हलत नाहीये."

पाच महिन्यांत एवढंच बोलणं झालं. अँब्युलन्स आली आणि नॉरिसला इस्पितळात घेऊन गेली; हृदयाचं ऑपरेशन ठरलं. जाताना त्याने लीककडे पाहिलं. रोलंडने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रोलंडने मला हाक मारली. "इकडे ये. इथे उभा राहा आणि बघ."

"काय बघू?"

"मी त्याच्या वाफ्यात जातोय. पाणी घालायला. हातात सुरी नाही, हे कोणीतरी पाहिलेलं असू दे."

मग रोज तो जायचा आणि रोज मी बघायचो. पहिले दोन दिवस नुसतं पाणी. तिसऱ्या दिवशी त्याने आपलं स्वतःचं बादलीतलं खत तिकडे नेलं. वासावरून ओळखलं मी. नॉरिसचं प्रमाण त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून आपलं दिलं. एका बादलीपेक्षा जास्त त्याला बनवता यायचं नाही, तेव्हा अर्धं इकडे, अर्धं तिकडे. काही दिवसांनी तिकडे जास्त. नॉरिसचे लीक फुगू लागले. रोलंड त्यांच्याकडे असा बघायचा, जणू दुसऱ्याची मुलं सांभाळायला घेतलीत.

ऑगस्ट संपता संपता नॉरिसचा थोरला लीक फुटला. जास्त खाऊ घातलं की फुटतो. वरपासून बुडापर्यंत उभी चीर, जणू सुरीने चिरलाय. तुम्हीच सांगा, गाव काय म्हणालं असतं?

रोलंड त्याच्यापुढे उकिडवा बसला. मग त्याने तो उपटला, धुतला, वर्तमानपत्रात गुंडाळला. "गाडी काढ," मला म्हणाला.

वॉर्डात भिंतीवर टीव्ही होता आणि तो सरळ तोंडाचा होता. संसद आता काही आठवडे बंदच ठेवणार, असं एक माणूस गंभीरपणे सांगत होता. कधी उघडी होती, असं कोणी विचारलं नाही. नॉरिस उशीला टेकून बसला होता, पूर्वीपेक्षा लहान. रोलंडने गुंडाळी त्याच्या पांघरुणावर ठेवली आणि सोडली.

नॉरिसने चिरेवरून बोट फिरवलं.

"फोडलास."

"हो."

"सुरी?"

"खत. माझं. जास्त झालं." रोलंडने टोपी काढली. "हा शेजारी साक्षीला आहे."

मी मान हलवली. नॉरिसने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"नॉरिस, ते टीव्हीवर... त्यांनी कापलं रे. मी पुढे बोललो होतो. तुझ्याबद्दल चांगलंच."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"पिंपामागे झारी भरत होतो. सगळं ऐकलं." नॉरिसचा आवाज बारीक झाला. "मूर्ख म्हणालास, त्याचं काही नाही. ते तू तोंडावरही म्हणतोस. पण शेगडीशी बोलतो म्हणून सांगितलंस त्या बाईला. लेक लांब गेली म्हणून सांगितलंस. कीव केलीस माझी, परक्या माणसांपुढे. टीव्हीवाल्यांनी उपकार केले, लेका. नेमकं तेवढंच कापलं."

रोलंड टोपीची कड फिरवत राहिला. इतके महिने सगळ्या गावाने टीव्हीवाल्यांना शिव्या दिल्या होत्या, आणि बिचाऱ्यांनी त्या एकाच वेळी चुकून सभ्यपणा केला होता.

"मीही बोलतो," तो शेवटी म्हणाला.

"कोणाशी?"

"टीव्हीशी. त्याच्या पाठीशी. भिंतीकडे वळवून ठेवलाय."

नॉरिसने त्याच्याकडे पाहिलं. "उत्तर देतो?"

"समोरून देत होता त्यापेक्षा बरं देतो."

नॉरिस हसला आणि लगेच टाक्यांवर हात धरला. नर्स धावत आली. "काय चाललंय राजा? हसायचं नाही सांगितलंय ना?"

"हा हसवतोय."

"आणि हे काय पांघरुणावर? माती!"

"लीक आहे," दोघं एकदम म्हणाले, आणि नॉरिस पुढे म्हणाला, "पोरी, तो टीव्ही तेवढा भिंतीकडे वळव."

"तो भिंतीला ठोकून बसवलाय, आजोबा."

"मग बंद कर."

तिने केला. वॉर्डातल्या बाकीच्या पाचही म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत निघणारे किती आणि राहणारे किती, कोणास ठाऊक.

फुटक्या लीकचं रोलंडने सूप केलं आणि दुसऱ्या दिवशी थर्मासमधून नेलं. नॉरिस म्हणाला, मीठ नाही. डॉक्टरांनीच मना केलंय, असं रोलंडने सांगितलं. खरं म्हणजे तो विसरला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी नॉरिस काठी टेकत पबात आला. त्याची जोडी मोडल्यामुळे त्याला काही मांडता आलं नाही. रोलंडने मांडले होते. तो चौथा आला; याआधी कधी दुसऱ्या नंबरच्या खाली उतरला नव्हता. नॉरिस त्याच्या लीकपुढे बराच वेळ उभा राहिला, वाकून पाहिलं, अंगठ्याने दाबून पाहिलं. या गावात हा हक्क फार थोड्यांना असतो.

"बारीक राहिले तुझे," तो म्हणाला.

"ऊन कमी पडलं."

"हं. ऊन."

या वर्षी ऊन भरपूर होतं.

सोमवारी मी मळ्यावर गेलो तर तुटक्या फळीचे उरलेले तुकडेही खिळ्यांसकट कुंपणातून काढलेले होते. नॉरिस खुर्चीत, पायावर घोंगडी. रोलंड किटली घेऊन वाकलेला.

"ऑक्टोबरअखेर निघणार म्हणे," नॉरिस म्हणाला.

"कोण?"

"आपण."

"तू कुठे निघालास? बस मुकाट्याने. डॉक्टरांनी हलू नको म्हणून सांगितलंय."

"हलत नाहीये," नॉरिस म्हणाला. "साखर दे."