तेल नसलेला ट्रान्सफॉर्मर

आमच्या भागात माणसं बिबट्याला भितात. मीही भिते. स्कूटीवरून उसाच्या कडेनं जाताना अजून हॉर्न वाजवत जाते. पण माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती भर दुपारी, बंद खोलीत, जिथं मी आणि एक यंत्र याशिवाय कुणीच नव्हतं.

मी वायरमन आहे. आयटीआयला आमच्या तुकडीत आम्ही दोनच मुली होतो. दुसरीचं लग्न झालं आणि ती नगरला गेली. मला जुन्नरजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम मिळालं. गेटातून लेण्याद्रीचा डोंगर दिसतो. एका बाजूला द्राक्षांच्या थंड खोल्या, दुसऱ्या बाजूला कांद्याच्या ग्रेडिंगची शेड, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीला लागून ट्रान्सफॉर्मरची खोली.

शिवारात खांबांवर जी डीपी असते तिच्यात तेल असतं. आमचा ट्रान्सफॉर्मर कोरडा होता. तारांची तीन वेटोळी, रेझिन ओतून घट्ट बंद केलेली, मधे बोटभर फटी, आणि त्या फटींतून वर चढणारी हवा त्याला थंड ठेवायची. आग लागायची भीती कमी, म्हणून इमारतीच्या आत असाच बसवतात. आमच्याकडे सगळ्यांनी त्याचा सोपा अर्थ काढला होता. तेल नाही, म्हणजे देखभालीचं काम नाही.

मला शिकवलं शिनोलीच्या एका काकांनी. कोल्ड स्टोरेज उभं राहिलं तेव्हापासून ते तिथं वायरमन होते. ते म्हणायचे, "पोरी, तेलाची डीपी बिघडली की गळती, कुरकुरती, गावाला कळतं. ह्यो गप बसतो. ह्याच्याकडं आपुनच जायचं."

"किती दिवसांनी, काका?"

"कंपनीचं पुस्तक म्हणतं वर्षाला एकदा. पुस्तक लिवणाऱ्यानं कांद्याची शेड बघितली न्हाई."

ते दर तीन महिन्यांनी उघडायचे. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्यांनी काम सोडलं, आणि ती खोली माझ्याकडे आली. पहिले तीन महिने झाले. मी मालकांकडे शटडाऊन, म्हणजे काही तास वीज बंद ठेवायची परवानगी, मागितला. ते म्हणाले, "माल आत हाय. मोसम उरकू दे." मी बरं म्हणाले. नवी होते, बाई होते, वाद घालायची हिंमत नव्हती. असे आठ महिने गेले.

ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर वेटोळ्यांचं तापमान दाखवणारा आकडा असतो. काकांच्या वेळी तो भर उन्हातही पंच्याऐंशी अंशांच्या आसपास राहायचा. मार्चमध्ये मी सकाळी पाहिला तर अठ्ठ्याण्णव. आठवड्यानं एकशे सात. मग एकशे अठरा. एकशे तीसला घंटी वाजायला हवी आणि दीडशेला तो आपोआप बंद पडायला हवा. हे मला पाठ होतं. पण घंटी खरंच वाजते का, हे कुणी कधी तपासलं होतं? मी तरी तपासलं नव्हतं. त्या विचारानं माझं जेवण कमी झालं. आई विचारायची, "कुणी काय बोललं का गं तुला?" तिला काय सांगणार, एका आकड्याला भिते म्हणून?

शेडमध्ये तीसेक बाया कांदा निवडायच्या. भिंतीच्या पलीकडे त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा. खोलीत काही पेटलं असतं तर धूर आधी त्यांच्याकडेच गेला असता.

एका सकाळी खोलीचं दार उघडलं आणि वास आला. उन्हात तापलेल्या रंगासारखा, थोडा गोडसर. मी बाहेर येऊन काकांना फोन लावला.

"नाकाला कळतंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"मग आजच बंद कर. इचारू नको, सांग."

मी मालकांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मालक, मी चार तास लाइट बंद करतेय."  त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, "खोल्यांची दारं उघडू नका म्हनाव कुनाला. थंडी चार तास टिकंल."

आमचा जनरेटर लहान होता. त्यावर फक्त दिवे आणि ग्रेडिंगचा पट्टा चालायचा. तोही मी बाहेर येईपर्यंत चालू करायचा नाही, असं मी शेडच्या सुपरवायझरला दोनदा बजावलं. तो भला माणूस, आंबेगावकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. "काळजी करू नको ताई," म्हणाला.

बाहेरून येणारी अकरा हजार व्होल्टची बाजू बंद केली. शेडकडे जाणाऱ्या चारशे व्होल्टच्या बाजूचा मेन ब्रेकर पाडून बंद केला, ग्रेडिंगच्या पट्ट्याचा स्विचही पाडला. पुरवठा नाही हे तपासलं. चुकून वीज आलीच तर जमिनीत जावी म्हणून दोन्ही बाजूंना अर्थिंगच्या साखळ्या लावल्या. मग पेटीची दारं काढली, आणि टॉर्च आत मारला.

शेडकडच्या भिंतीत हवेसाठी ठेवलेल्या जाळीतून कांद्याची फोलपटं उडून आत आली होती. वेटोळ्यांमधल्या फटी त्यांनी आणि धुळीनं गच्च भरल्या होत्या. हवा जायला जागाच नव्हती. तिन्हींपैकी मधल्या वेटोळ्याच्या खाली फोलपटं तपकिरी झाली होती, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखी.

मी बॅटरीवरच्या व्हॅक्यूमनं ओढत, मऊ ब्रशनं झाडत खालपासून वर गेले. बादली भरली. मग चारशे व्होल्टच्या बाजूच्या तांब्याच्या पट्ट्या पुसायच्या होत्या. साखळी आडवी येत होती, म्हणून ती मी काढली. पाच मिनिटांचं काम, मनात म्हटलं. हात कोपरापर्यंत पट्ट्यांच्या मागे घातला.

आणि जनरेटर सुरू झाला.

भिंतीत आधी थरथर जाणवली, मग आवाज. जनरेटरचा पुरवठा बाहेरच्या पॅनेलवर येतो. तिथला माझा मेन ब्रेकर कुणी चढवला, तर तो पुरवठा उलटा सरळ माझ्या हातातल्या पट्ट्यांवर येणार होता. ब्रेकर मी पाडला होता, एवढं नक्की. पण त्याला कुलूप घातलं होतं का? मला आठवेना. खरंच आठवेना. कुलूप हातात घेतल्याचं आठवत होतं, पॅनेलपाशी उभी राहिल्याचं आठवत होतं, मधलं काहीच नव्हतं.

हात झटकन काढावा तर बाही कुठंतरी अडकली होती. ओरडले. जनरेटरच्या आवाजात ते मलाही ऐकू आलं नाही. बाही सोडवायला लागलेला वेळ किती होता, मी सांगू शकत नाही. एवढंच आठवतं, की मी आईचा विचार केला नाही, देवाचा केला नाही, फक्त त्या पट्टीकडे बघत राहिले, जणू बघत राहिलं तर ती शांत राहील.

बाही फाटली. मी मागे पडले, उठले, बाहेर धावले.

पॅनेलसमोर सुपरवायझर उभा होता. त्याचे दोन्ही हात मेन ब्रेकरच्या दांड्यावर होते आणि तो जोर लावत होता. मला पाहून म्हणाला, "ताई, बाया खोळंबल्यात. जनरेटर लावला तरी पट्टा चालंना, म्हनून मेन चढवतोय. पर ह्यो हालतच न्हाई."

दांड्याला माझं लाल कुलूप होतं.

 मी फाटलेली बाही दाखवली आणि खोलीकडे बोट केलं. त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं दांडा असा सोडला की जणू तो तापलेला होता. तिथंच पायरीवर बसला. "मी काय करत व्हतो," एवढंच तो पुनःपुन्हा म्हणत होता.  जनरेटर मीच जाऊन बंद केला.

पंधरा मिनिटं मी बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. परत आत जायचं होतं. काम अर्धं होतं.  सुपरवायझर उठून आला आणि म्हणाला, "तू जा ताई. मी पॅनेलपासनं हालत न्हाई." मी आत जाऊन आधी साखळी लावली, मग ब्रश उचलला.

मधल्या वेटोळ्याच्या जोडाचा एक बोल्ट सैल निघाला, खालचा वायसर निळा-काळा पडलेला. वास तिथूनच येत होता. तो बदलला, सगळे बोल्ट मापानं आवळले, मेगर लावून इन्सुलेशनमधून वीज गळत नाही ना हे तपासलं. घंटी तपासली तेव्हा कळलं, तिची वायर उंदरानं कधीच कुरतडली होती.

लाइट आल्यावर मालक खोलीच्या दारात आले. भरलेली बादली आणि काळा वायसर मी त्यांच्यासमोर ठेवला. माझी चूकही सांगितली, साखळी काढल्याची. ते खाली बसले, वायसर हातात घेऊन फिरवला.

"किती दिवसांनी उघडायचं हे?"

"दर तीन महिन्यांनी सफाई. कांदा चालू असेल तर दर महिन्याला दार उघडून बघायचं. आणि वर्षातून एकदा बोल्ट, मेगर, घंटी, सगळं." मग मीच पुढे म्हणाले, "आणि तारीख मी सांगेन."

"सांग," ते म्हणाले.

भिंतीच्या जाळीला आता बारीक कापडी फिल्टर आहे. आकडा ब्याऐंशीच्या वर क्वचित जातो. तरी शटडाऊनच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही. आईनं हे ओळखलंय, ती त्या दिवशी नुसता भात करते. पट्ट्यांच्या मागे हात घालायच्या आधी मी साखळीला दोनदा हात लावून बघते. काकांना विचारलं, ही भीती कधी जाते.  ते म्हणाले, "माझी तर न्हाई गेली."