सभामंडपातलं कमळ

दादा गेल्याचं मला नामदेवभाऊंनी कळवलं. फोनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच काहीतरी झालंय हे कळलं, कारण देवळाच्या छतातलं कमळ पडल्यापासून ते आमच्यापैकी कुणाशीच बोलले नव्हते. "ताई, केशव गेला," ते म्हणाले. "देवळातच होता. मीच पाह्यलं त्याले पयले."

केशवदादा माझा थोरला भाऊ. पाटबंधारे खात्यात आरेखक होता. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर दिग्रसला दोन खोल्यांत एकटा राहिला. आमचं गाव तिथून जवळच. गावाबाहेर महादेवाचं जुनं, काळ्या दगडाचं देऊळ आहे. दादाबरोबर तिथं जायचं म्हणजे दर्शन सगळ्यात शेवटी. आधी बाहेरून फेरी मारायची. तळाशी हत्तींची रांग, तिच्यावर ढोल-झांजा वाजवणारे, कोपऱ्यावर पायातला काटा काढणारी एक बाई. दादा तिच्याकडे बोट करून म्हणायचा, "सुमे, चेहरा नको पाहू, पाय पाहा. दुखून राह्यला तिचा." उन्हाळ्याच्या सुट्टीत दादा, त्याचा शाळेतला जोडीदार नामदेव आणि मी सभामंडपाच्या गार फरशीवर उताणे पडून छताकडे बघत राहायचो. तिथं दगडात कोरलेलं मोठं कमळ होतं, पाकळीच्या आत पाकळी. दादा पुढं नोकरीला लागला, नामदेवभाऊंनी कापसा-तुरीची शेती धरली, पण दादा गावात आला की दोघं त्या कमळाखालीच गप्पा मारत बसलेले सापडायचे.

नंतर देऊळ गळायला लागलं. नामदेवभाऊ तेव्हा देवस्थानाचे अध्यक्ष होते. गावानं ठरवलं, छत उकलून नवं करायचं, आत टाइल्स, बाहेरून ऑइलपेंट. त्या बैठकीला दादाबरोबर मीही होते. दादा म्हणाला, छत दुरुस्त करा, पण दगडाला रंग लावू नका. नक्षी बुजेल, पाणी आतल्या आत मुरेल. नामदेवभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "केशव, तू महिन्यातून एकडाव पाहाले येतं. आमाले रोज पूजा करा लागते. पिंडीवर वरून चिखल गळते. देवाले असंच ठेवाचं काय?" दादा थांबला नाही. त्यानं यवतमाळला, जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयात तक्रार केली, आणि काम बंद करण्याचा हुकूम आला.

हुकूम आला तोवर मजुरांनी छतावरचा जुना चुना आणि विटा उकरून काढल्या होत्या. ते तसंच टाकून निघून गेले. आता उघडं पडलेलं छत झाकावं कुणी? गावाला हात लावायची बंदी. कार्यालयातून कुणी येईना. दादा यवतमाळला खेटे घालत राहिला. तिथंच माझं घर, जेवायला यायचा आणि ताटावर बसून सांगायचा, "पाठवतो म्हणतात, पावसाच्या आधी पाठवतो." कुणी आलं नाही. निदान ताडपत्री टाकू म्हणून दादा गावात गेला, तर त्याच्यासोबत वर चढायला एकही माणूस तयार झाला नाही. तुमच्याच अर्जानं बंदी आली, आता तुम्हीच बघा, म्हणाले.

दगडांच्या सांध्यांत पाणी मुरत गेलं आणि भर पावसाळ्यात एका संध्याकाळी कमळ खाली आलं. नामदेवभाऊंच्या पत्नी दिवा लावून नुकत्याच पायरी उतरल्या होत्या. मागे वळून पाहिलं तर आत नुसती धूळ. त्या वाचल्या, पण नंतर कितीतरी दिवस बोलता बोलता मध्येच गप्प होत. गावानं दादाशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिवी नाही... तो समोरून आला की लोक दुसरीकडे पाहायचे.

मी त्याची समजूत घालायला गेले होते. म्हटलं, "तू वाईट हेतूनं केलं नाहीस, दादा." तो चहाचा कप हातात धरून बसला होता, चहा पार निवलेला. म्हणाला, "रंग लागला असता तर लागला असता, सुमे. रंग कधी ना कधी खरवडता आला असता."

गेल्या हिवाळ्यात तो त्याच सभामंडपात, खांबाला टेकून बसल्या जागी गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. स्मशानात गाव आलं होतं. नामदेवभाऊंनी खांदा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

काही आठवड्यांनी, एका सोमवारी, मी एकटीच देवळात गेले. छतावर आता पत्रे आहेत. कमळाचे तुकडे भिंतीशी ओळीनं मांडून ठेवलेले. नामदेवभाऊ खांबापाशी बसले होते. मला पाहून सरकले, जागा करून दिली.

"हे कुणी मांडलं?" मी विचारलं.

"त्यानंच. दर सोमवारी ये एसटीनं. एकेक तुकडा पुसे, जुळवून पाहे. कोणाशी बोले नाही." त्यांनी पायाशी आलेला एक तुकडा ओळीत सरकवला. "मी बी इथंच राहो सोमवारी. तो आला, का मी उठलो. तो पायरीवर दिसला, का मी मागच्या बाजूनं घरी."

बाहेर दिग्रसची एसटी थांबल्याचा आवाज आला. दार आपटलं, गाडी निघून गेली. नामदेवभाऊ पायरीकडे बघत तसेच बसून राहिले.

"आता उठत नाही मी," ते म्हणाले.