बिनटोकाचा गळ

स्वातंत्र्य मिळालं तसे आमच्या कल्याणच्या कचेरीतले गोरे साहेब विलायतेला गेले, पण जाताना आम्हा चौघा कारकुनांना एक नाद लावून गेले. मासे भुलावेत म्हणून गळाला पीस आणि रेशीम गुंडाळून खोटे किडे बांधायचे. एक पाण्यावर तरंगणारा, त्याच्याखाली दुसरा लोंबता. मग एखाद्या रविवारी शहाडच्या पुलाखाली बसून आम्ही ते किडे आपसांत बदलून घ्यायचो.

आमच्यातले डोंबिवलीचे गृहस्थ कट्टर शाकाहारी. कोंबड्याचं पीस त्यांना चालत नसे. गॅलरीत गळलेली पारव्याची पिसं ते गंगाजल शिंपडून घेत. किडा मात्र असा हुबेहूब बांधत की बघणाऱ्याने हात झटकावा. तो झाला की पक्कड काढून गळाचं टोक मोडून टाकत.

"अहो, मग मासा लागणार कसा?"

"लागू नये म्हणूनच तर!" ते माझ्यावर खेकसत.

एकदा त्यांच्या किड्यावर खरंच माशाने झडप घातली आणि टोक नसल्यामुळे तो सुटून गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. गृहस्थांचा चेहरा पडला.

"उपाशी गेला हो. भरल्या पानावरून उठवलं आपण त्याला."

पुढच्या अदलाबदलीत त्यांची जोडी माझ्या वाट्याला आली. वर तरंगता किडा होता. खाली लोंबत्याच्या जागी कणकेची गोळी, तीही तुपाचा हात लावलेली.

तेव्हापासून मी एकही मासा पकडलेला नाही. रविवारी सकाळी परात पुढ्यात ओढून बायको विचारते, "आज नदीवर पानं किती?"