व्हर्नियरच्या डबीवरची चिकटपट्टी

पीएचडीच्या नोंदणीसाठीचा माझा पहिला सेमिनार साफ फसला. समितीतले एक सर चष्मा पुसत म्हणाले, "आपण छान वाचून दाखवलंत. आता समजून घेऊन या." पंधरा दिवसांनी शेवटची संधी होती. तीही हुकली असती तर नोंदणी गेली असती, आणि मला हा विषय जिवापाड आवडत होता.

रविवारी सकाळी कर्वेनगरच्या घरी मी फ्रिजसमोर उभी राहून सराव करत होते. बाबा मेथी निवडत बसले होते. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात लेथ चालवलेला.

"मलाही सांग की."

"तुम्हाला नाही कळणार, बाबा."

बोलून गेले खरी. ते पुन्हा मेथी निवडायला लागले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की खुर्ची ओढून मी त्यांच्यासमोर बसले.

"हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन. त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या एक, दोन, तीन अशा चोख मोजता येतात. सोडियममध्ये आत आणखी दहा जणांची गर्दी. बाहेरच्या इलेक्ट्रॉनला लांबून ती जाणवत नाही, पण आत डोकावून आला की त्याची लाट जराशी सरकते; इलेक्ट्रॉन लाटेसारखाच वागतो ना. म्हणून पायरीच्या आकड्यातून थोडं वजा करायचं. तो क्वांटम डिफेक्ट."

"प्रत्येक पायरीला वेगळा?"

"नाही, एका मालिकेत जवळपास तेवढाच."

बाबा हात पुसून उठले आणि कपाटातून बारीक मापं घ्यायच्या त्यांच्या व्हर्नियर कॅलिपरची डबी घेऊन आले. झाकणावरच्या चिकटपट्टीवर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, '०.०४ वजा'.

"जबडे मिटले तरी हा शून्य दाखवत नाही. पट्टी सरकलीय. साहेब म्हणायचे, टाकून द्या. मी म्हटलं, खोड कळलीय ना, मग वजा करू." त्यांनी वरचे छोटे जबडे उघडले. "ह्यांनी नळीचं आतलं माप घे, नाहीतर खालच्यांनी दांड्याचं बाहेरचं. पट्टी एकच, म्हणून खोडही तीच."

मी कॅलिपर हातात घेऊन दोन्ही जबडे उघडून पाहिले. वर्षभर मी दोन वह्या वेगळ्या ठेवल्या होत्या. एकीत वर्णपट, म्हणजे अणूने धरून ठेवलेला इलेक्ट्रॉन. दुसरीत बाहेरून येऊन, अणूवर थडकून निघून जाणारा इलेक्ट्रॉन. आतला असो वा बाहेरचा, दोघांची लाट सरकते ती त्या एकाच आकड्याने, बाबांच्या पट्टीच्या खोडीसारखी. शंभरदा वाचलं होतं, दिसलं त्या दिवशी.

सेमिनारला मी डबीच घेऊन गेले. त्याच सरांनी जबडे उघडझाप करून पाहिले, चिकटपट्टी वाचली.

"हे कुणाकडून शिकलात?"

"वडिलांकडून. ते टर्नर होते."

"मग आपल्याला गाईड कशाला हवाय?" म्हणाले, आणि नोंदणीच्या अर्जावर सही केली.

घरी बाबांनी दार उघडताच विचारलं, "कॅलिपर पडला नाही ना?"

"नाही. आणि नोंदणी झाली."

त्यांनी डबी जागेवर ठेवली, डोळे टिपले, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस. आता पुढचं सांग. कळतंय मला."